डिसेंबरातलं शेवाळ

भाजे, ता. मावळ
शुक्रवार, २७ डिसेंबर २०२४

चि. सौ. तेजल हिला सीतारामबाबांचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

आधी इकडची खुशाली. आमच्या येसूचा, म्हणजे तुझ्या सासूचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे आणि तोंड मोकळं आहे, त्यामुळे घर नीट चाललं आहे.

पत्र बघून दचकू नकोस. फोन करून पाहिला. प्रत्येक वेळी "बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते," म्हणालीस. बाई, मीटिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या होतात होय? आणि तुमच्या कंपनीला नाताळची सुट्टी आहे हे तुझा नवरा प्रज्ञेश बोलून गेला. त्याला रागावू नकोस, त्याच्या पोटात काही राहत नाही. गाडी दारात यायच्या आधी तिचं कुठलं बेअरिंग गेलंय ते आवाजावरून सांगून मी आजवर पोट भरलं, तिथं कुकर काय चीज आहे.

इकडे पर्यटकांचा सीझन जोरात आहे. आपल्या चारी गाड्या रस्त्यावर आणि मालक चुलीपाशी. परवा तुंगार्लीच्या बंगल्यावरच्या पाहुण्यांचा फोन आला, मी फोन स्पीकरवर टाकून भाकरी थापत होतो. "काका, गाडी कुठपर्यंत आली? आणि मागे टाळ्या कसल्या वाजतायत?" मी म्हटलं, "टाळ्या नाहीत साहेब, भाकरी आहे." तर म्हणतो, "वा! आमच्यासाठी दहा मिळतील?" खाटेवरून येसू ओरडली, "आवो, नगा दिऊ! तुमच्या हातची भाकर खाल्ली तर गिऱ्हाईक परत लोणावळ्याचं नाव घ्यायचं न्हाई!" साहेबाला ते सगळं ऐकू गेलं. फार हसला. गाडी अर्धा तास उशिरा गेली तरी कुरकुर केली नाही.

येसूला हाक मारायला त्रास नको म्हणून मी तिच्या उशाशी जुन्या जीपचा रिव्हर्सचा हॉर्न बसवून दिला, तो गाणं वाजवणारा. बॅटरी खाटेखाली, बटण हाताशी. फार शहाणपण केलं. पाणी पाहिजे, हॉर्न. उशी सरकली, हॉर्न. मांजर आत आलं, हॉर्न. शेजारची पोरं पहिल्या दिवशी "गाडी मागं येतीय" म्हणून अंगणातून पळाली. मी भाजीत मीठ टाकायला गेलो की तिकडून हॉर्न वाजतो. तिला म्हणे डब्याच्या झाकणाच्या आवाजावरून कळतं की मी मीठ दुसऱ्यांदा टाकतोय. इतकी वर्षं मला वाटत होतं, या घरात कान फक्त मलाच आहेत.

तिचे केस विंचरायला मात्र मला जमतं आता. वेणी घालतो. ती म्हणते वेणी नव्हे, गाडीच्या पंख्याचा पट्टा वळलाय. पण सोडत नाही, दिवसभर मिरवते.

इथवर लिहून उठलो होतो, भात लागला. खालचा काढून टाकला, वरचा चांगला आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोघींनी दवाखान्यात मला एका सुरात सांगितलंत, "अंगणात शेवाळावरून पाय घसरला." मी मान डोलावली. तेजल, मावळात पाऊस लय असतो हे खरं, पण डिसेंबरात शेवाळ? आणि त्या शेवाळानं शेडमधल्या तुझ्या स्कूटरचा आरसाही मातीत बुडवला आणि ब्रेकची मूठही वाकवली?

मी स्कूटरवर ताडपत्री टाकून विषय झाकला. शेजारची सरुअक्का मात्र बोलली. "सून आली आन् सासूचा पाय गेला," असं ती तुला तोंडावर म्हणाली, हे मला मागाहून कळलं. तेव्हापासून, दर शनिवारी येणारी तू, भाज्यात पाऊल टाकलेलं नाहीस. स्कूटर विकून टाका, माझ्या शिकवण्यामुळे आईंचा पाय मोडला, असं प्रज्ञेशला सांगितलंस. हे वाचून मनात म्हणशील, म्हणजे बाबांना स्कूटरचं कळलं तर.

कळलं नाही. मला आधीपासून माहीत होतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी बुकिंग रद्द झालं म्हणून मी लवकर परतलो. मळवलीच्या रेल्वे फाटकापाशी चहाला थांबलो, तर नदीकडच्या माळावरून तुझ्या स्कूटरचा आवाज. आवाज तुझ्या स्कूटरचा, पण मूठ तुझी नव्हे. तू मूठ पिळतेस ती दूध ओतावं तशी. ही मूठ पळती कोंबडी धरल्यागत. मागोमाग येसूचा ओरडा, "अगं थांबीव, थांबीव की!" आणि तुझा, "आई, थांबवायचं तुम्हाला आहे, मी मागे बसलेय!"

मी टपरीच्या मागे गेलो. हसू दाबताना चहा नाकात गेला.

त्यानंतरचे सगळे रविवार मी मुद्दाम "गॅरेजात काम आहे" म्हणून बाहेर काढले. गॅरेजला रविवारी कुलूप असतं. तुम्ही दोघी "विहाराच्या झाडलोटीला जातो" म्हणायच्या. रविवारी आपल्या घरात कुणीच खरं बोलत नव्हतं आणि घर कधी नव्हे इतकं खुशीत होतं. येसू भांडी घासताना गुणगुणायला लागली होती.

पुढचं लिहायला मघापासून टाळतोय. भात काही एवढा लागला नव्हता.

मंगळवारी चोवीस तारखेला मी गॅरेजातल्या ट्रॉलीची चाकं काढून लाकडी खुर्चीला लावली, येसूला घरात फिरवायला. ती खुर्चीत बसली, इकडून तिकडे एक चक्कर झाली, आणि सहज म्हणाली, "आवो, ह्येला बिरेक हाय का?"

मी आधीच पेटलेला गॅस पेटवायला गेलो. येसू म्हणाली, "काय झालं? तोंड का पडलं?" मग मला सांगावंच लागलं. तेच तुलाही सांगतो.

तुझ्या स्कूटरचा पुढचा ब्रेक सैल होता. मूठ पार हँडलला टेकेपर्यंत दाबायची, तेव्हा कुठे चाक थांबायचं, तेही चिरकत. माझ्या कानाला ते सोसेना. शिवाय येसूचा जीव त्या ब्रेकवर. तेव्हा ती पडली त्याच्या आदल्या संध्याकाळी, तुम्ही दोघी शेजारी गेलेल्या असताना, मी नवा ब्रेक-लायनर टाकला, केबल आवळली, हात पुसले आणि फडकं होतं तिथंच ठेवलं. तुम्हाला सांगितलं असतं तर गुपित फुटलं असतं. येसूनं इतक्या वर्षांत माझ्यापासून लपवून केलेली ही पहिली मौज. ती मोडायचं माझ्या जिवावर आलं.

सकाळी येसूनं सवयीप्रमाणे मूठ पार टेकेपर्यंत दाबली. खाली खडी. चाक जागच्या जागी थांबलं. येसू थांबली नाही.

तू शिकवायला चुकली नाहीस, बाळ. तू शिकवलंस ती गाडी वेगळी होती. रातोरात ती मी बदलली आणि तोंड मिटून बसलो. तू तिकडे रडत होतीस तेव्हाही मिटूनच होतो. तेवढं माझ्या नावावर लिही.

हे ऐकून येसूनं बटण चाचपलं. मग तिनं हॉर्न दाबला. अख्खं गाणं संपेपर्यंत दाबला. म्हणाली, "म्हंजी बिरेक लागला व्हता! आन् मी हितं पडल्या पडल्या म्हंतीया, येसू, तुला सादा बिरेक मारता येत न्हाई, तू म्हातारी झालीस!" आणि हसत सुटली. पाय दुखेपर्यंत हसली. मग लोणचं मागितलं.

मी विचारलं, "अर्ध्या तालुक्याला गाडी शिकवली मी. मला का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "तुमी शिकीवताना इंजिनाचं ऐकता. तेजल माज्याकडं बगती." मग मी तिच्याकडे बघत बसलो. तिकडे चहा उतू गेला.

पंचवीस तारखेला विहारात स्त्रीमुक्ती दिनाचा कार्यक्रम होता. तिथं येसू स्वतः स्कूटरवर जाऊन सगळ्यांना थक्क करणार, असा तुमचा बेत होता, हेही तिनं आता सांगितलं. मी तिला खुर्चीसकट जीपमध्ये घातलं. पर्यटकांच्या गाड्यांची रांग स्टेशनपर्यंत लागलेली. येसूनं तो रिव्हर्सचा हॉर्न सोबत घेतला होता. रांग फुटली.

माईक हातात आल्यावर ती म्हणाली, "मी शेवाळावर पडले न्हाई. स्कूटर शिकताना पडले. माजी सून शिकवीत व्हती, लय चांगली शिकवीती. पाय बरा झाला की परत शिकणार. आन् बिरेक कुणी आवळला ते तिकडं दाराशी उभं हाईत, त्यास्नी इचारा."

सगळ्या बायकांनी माना वळवल्या. लपायला टपरी नव्हती.

सरुअक्का पहिल्या रांगेत होती. पदर चाळवत बसली. निघताना माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सीताराम, तेजलला म्हनावं, अक्काची जीभ सैल हाय. तिलाबी कुनीतरी आवळाया पायजेल." आणि चप्पल पायात घालत, "मला पुढं बसाया जमायचं न्हाई. मागं बसीव म्हनावं." तिच्याकडून याच्यावर माफी निघायची नाही. आहे तेवढी घे.

हे पत्र मारुती ड्रायव्हरच्या हाती देतोय. त्याच्या पिकअपमध्ये तुझी स्कूटरही चढवली आहे. मूठ नवी बसवली, आरसा धुतला. विकणार नाही. तिची एक विद्यार्थिनी अजून अर्ध्यात आहे.

रविवारी ये. सकाळी लवकर निघ, नंतर जुन्या हायवेला मुंगी शिरायला जागा नसते. प्रज्ञेशला मागे बसव. येसूनं पैज लावली आहे की स्कूटर वळणावर आली की आधी तिला ऐकू येईल, मला नाही. हरणाऱ्यानं आठवडाभर भांडी घासायची. भांडी तशीही मीच घासतोय, तरी मला ही पैज हरायची आहे. तेवढ्यासाठी तरी ये.

आणि पुढचा ब्रेक घट्ट आहे. या वेळी आधी सांगतोय.

वळणाकडे कान लावून बसलेला,
तुझा सासरा
सीताराम