नऊ वर्षांची शिकाऊ

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी आठला केंद्रात. गौरवला आंघोळीला नेताना त्याला सांभाळणाऱ्या इंदूची कंबर धरली. चौदा वर्षांचा मुलगा, पाय टेकत नाही, वजन जवळजवळ माझ्याइतकं. त्याला नीट खाली ठेवलं, मग भिंतीला धरून बसली ती उठेचना. ऑटोने दवाखान्यात नेलं. मणका सरकलाय, तीन आठवडे पडून राहा म्हणाले.
"तीन हप्ते! डॉक्टरले काय जाते सांगाले."
गप्प पडून राहा, म्हटलं.

५ नोव्हेंबर, बुधवार
इंदू हजर. कमरेला पट्टा बांधून. रागावले.
"काहून आली म्हणू नका, बाई. खाडे झाले का विद्यावेतन कापते."
नियम माझाच. परत पाठवलं. पैसे कापणार नाही असं सांगून बसले. कशातून देणार, माहीत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
समितीची बैठक. अध्यक्ष भाऊसाहेबांनी विमा कार्यालयाचं पत्र वाचलं. कामगार विम्याची वर्गणी का भरत नाही, खुलासा करा. खुलासा तयारच होता : संस्था धर्मादाय, अपंग मुलांसाठी, आणि सांभाळणाऱ्या नऊ बाया कामगार नाहीतच, वर्षभराच्या अभ्यासक्रमाच्या शिकाऊ आहेत. सबब सूट मिळावी. पुढच्या आठवड्यात अधिकारी पाहणीला येणार.

मी म्हटलं, विमा असता तर इंदूचं औषधपाणी, रजेचे पैसे तिथून झाले असते.
भा. सा. : "झाले असते ना, ताई. अन् मागची सगळी वर्गणी व्याजासकट भरा म्हटलं तर केंद्राले कुलूप. मग अठरा लेकरं ठेवता का तुमच्या फ्लॅटमध्ये?"
सगळे हसले. मीही. अर्जावर सचिवाची सही लागते. केली.

८ नोव्हेंबर, शनिवार
रात्रभर नाही, पण बराच वेळ विचार. दर जूनला बायांकडून नवा प्रवेश अर्ज. त्याआधी कामात एक दिवस खंड, नोकरी सलग दिसू नये म्हणून. वर्ष सरलं की समारंभ, श्रीफळ, प्रमाणपत्र. सुरू केलं तेव्हा खरंच शिकवत होतो. बाहेरच्या बाई व्यायाम शिकवायला येत, परीक्षा घेत. शिकलेल्या बाया दवाखान्यांत, पाळणाघरांत लागत. पुढे त्या बाई यायच्या बंद झाल्या, बाया जायच्या बंद झाल्या. समारंभ तेवढा राहिला. नेमकं कधी उलटलं ते सांगता येत नाही. मला सांगता यायला हवं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पाहणी. अधिकारी तरुण, बोलायला मऊ. भा. सा. नी बायांना पढवून ठेवलं होतं, "शिकून राहिलो म्हणायचं, बस." इंदूला कोणी बोलावलं नव्हतं. पट्टा बांधून आली.

अधिकारी इंदूला : तुम्ही काय करता?
"शिकून राहिली, साहेब."
प्रमाणपत्र मिळतं का? भा. सा. नी नमुन्याचं एक पुढे केलं. तेवढ्यात इंदू म्हणाली, "माह्याजवळ आहेत ना!" आणि पिशवी उघडली. घरच्या भिंतीवरून उतरवून आणलेली. लॅमिनेट केलेली, कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं. टेबलावर ओळीने मांडली. नऊ.
"एकबी साल सुटलं नाही, साहेब. दरसाली पास."

संस्थेला मदत म्हणून आणली होती. भा. सा. पंख्याकडे बघत राहिले. अधिकारी हसला नाही. एकेका सहीवर बोट ठेवत गेला.
मग माझ्याकडे वळून, "या सह्या आपल्याच?"
"माझ्याच."
"मॅडम, अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे ना?"


२१ तारखेपर्यंत सचिवांनी लेखी द्यायचं : एकेकीचं नाव, कधीपासून, काय काम, शिकाऊ की कामगार. तोवर सूट नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
भा. सा. चा फोन. "आठजणींचा प्रवेश यंदाचाच दाखवू. इंदूचं म्हणू, बाई जरा मंद आहे, पुन्हा पुन्हा बसवा लागते."
मंद! गौरव हाताने कधी जेवणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. तिने दोन वर्षं खपून त्याच्या हातात चमचा दिला.
फोन ठेवून दिला. असं मी सहसा करत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
नंदनवन वस्तीत इंदूच्या घरी. पलंगावर होती, एकदाची. उठायला लागली, बस म्हटलं.
"चुकलं काय, बाई, माहं?"
नाही.
"मंग मले शिकाऊच लिवा. केंद्र बंद पडलं तर गौरव जाईन कुठं? त्याची माय तं भेटाले बी येत नाही."
आणि तुझी कंबर?
"कंबरेचं काय! होईन बरी. तुमी कॉलेज शिकलेल्या, तुमाले कसंबी लिवता येते."
टोमणा नव्हता. कौतुकाने म्हणाली. चहा न घेता निघाले, तिला वाईट वाटलं असेल.

२० नोव्हेंबर, गुरुवार
दोन मसुदे फाडले. कसंही लिहिता येतं, हे खरं आहे. दुसरा तर फारच चांगला झाला होता.

तिसरा साधा. इंदू : नऊ वर्षं, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दोन मुलं तिच्याकडे. पहिलं वर्ष शिक्षण, नंतरची आठ काम. बाकीच्या आठजणींचंही असंच, वर्षं कमीजास्त. दरवर्षीचे प्रवेश अर्ज मी भरून घेतले, जबाबदारी माझी. पुढची वर्गणी भरू. संस्था धर्मादाय आहे, सूट द्यायचीच तर मागच्या वर्गणीत द्यावी, बायांच्या विम्यात नको.

भा. सा. ना प्रत पाठवली. उत्तर : "सोबत केंद्राची किल्ली पण देऊन या."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
साडेअकराला कार्यालयात दिलं. पोच घेतली. निर्णय कधी? कारकून म्हणाला, वरून येईल. वर म्हणजे कुठे? त्याने पुढच्याचा कागद घेतला.

तिथून केंद्रात. चार वाजता बायांना एकत्र बसवून काय लिहिलं ते वाचून दाखवलं. केंद्र बंद पडू शकतं, हेही सांगितलं. मग रेखा, सगळ्यांत नवी, म्हणाली, "म्हणजे बाई, आम्ही आता कामावर लागलो, का कामावरून गेलो?"
बाकीच्या हसल्या. ती हसत नव्हती.
माहीत नाही, म्हटलं. मुलांची खाण्याची वेळ झाली होती, त्या उठून गेल्या.