रघूच्या डब्यातला तुपाचा थेंब

९ जून, सकाळी दहा
मी राजसबाई. मला अक्षर येत नाही. सांगते मी, लिहिते समोरच्या फ्लॅटमधली वसंता, रिटायर्ड टीचर. अटी दोनच, दुरुस्ती करायची नाही आणि कोणाला दाखवायचं नाही.
आजपासून नातवंडांचे डबे माझ्याकडे. रघु पहिलीत, श्रीरंजनी चौथीत. सून हरिप्रिया सातलाच ऑफिसच्या बसला पळते. रघूला दुधाची ॲलर्जी. एग्मोरच्या डॉक्टरनं दिलेली यादी तिनं फ्रिजवर चिकटवली आहे. वसंताकडून वाचून घेतली. दूध, दही, ताक, लोणी. चार बोटं झाली तशी म्हटलं, पुरे, कळलं. वसंता म्हणाली, राजसक्का, खाली अजून आहे. मी म्हटलं, तू लिही, वाचू नको.
संकल्प: दोन्ही डबे रोज रिकामे परत आले पाहिजेत.

११ जून
भाजीभात. वर तुपाचा एक थेंब. वसंतानं पेन थांबवलं. तूप दुधाचंच ना, म्हणते. अगो, दूध विरजलं, घुसळलं, कढवलं. एवढं सोसल्यावर त्यात दूध म्हणून काय उरतं? आणि तूप पडल्याशिवाय भात शुद्ध होत नाही. तंजावरात आमच्याकडं कुत्र्यालासुद्धा कोरडा भात घालत नव्हते.
संध्याकाळी रघूचा डबा अर्धा परत. ओठ लाल, सुजलेले. म्हणाला, आज्जी, तोंड खाजतंय. आंबे फार खाल्ले, त्याची उष्णता. हरिप्रियानं विचारलं, डब्यात काय होतं? मी म्हटलं, यादीप्रमाणेच. खोटं नाही बोलले. ऐकली तेवढ्या यादीप्रमाणे.
अर्धा डबा घासताना डोळ्यांत पाणी आलं. नेमका रघु पाणी प्यायला आला. का रडतेस, म्हणाला. मी म्हटलं, कांदा. कांदा चिरलेला नव्हता.

१६ जून
दोन्ही डबे रिकामे. चाटूनपुसून! ओठही बरे. अंगाला सवय लागली की ॲलर्जी पळते, हे डॉक्टरला कोण सांगणार? थेंबाचे दोन थेंब केले.

२ जुलै
श्रीच्या स्कर्टचा हूक लागेना. टेलरकडं जाऊन उसवून आणला. हा माझ्या हाताचा गुण.
रघु शाळेतून आला की बूट न काढता, उभ्याउभ्या चार केळी खातो. पचन उत्तम. पँट घसरते, कारण उंची वाढते आहे. वसंता म्हणाली, किती वाढली? मी म्हटलं, तू लिही.

१८ जुलै
पी.टी.च्या तासाला रघूला चक्कर आली. मद्रासचं ऊन, दुसरं काय. तरी डॉक्टरकडं नेलं. वजन दोन किलो कमी. मुलगा वेंकट घरी येऊन म्हणाला, आई, तू त्याला काय घालतेस? मी दोन्ही रिकामे डबे त्याच्यापुढं ठेवले.
पोराला ताकद पाहिजे. उद्यापासून चमचाभर.

२१ जुलै
श्रीरंजनीनं सांगितलं. हरिप्रिया तिला स्कर्टवरून चिडवत होती, तर पोर एकदम रडायलाच लागली. म्हणाली, अम्मा, मी दोन डबे खाते.
जूनपासून मधल्या सुट्टीत रघु आपला डबा घेऊन तिच्या वर्गात जातो. ती आपला खाते, मग त्याचा खाते. तो शेजारी बसून पाणी पितो. वर्गातला महेश कधी दोन चिप्स देतो, तेवढंच.
हरिप्रियानं त्याला मांडीवर घेऊन विचारलं, सांगितलं का नाहीस, कण्णा? तो म्हणाला, तुपाचा वास आला की मी खात नाही, तोंड खाजतं. आणि डबा परत आणला की आज्जी रडते.
हरिप्रिया उठली. फ्रिजवरच्या यादीतली पाचवी ओळ वाचली. तूप. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही चढवता आला असता. वेंकट पानावरून उठून गेला.
वसंताला म्हटलं, लिही, राजसबाईला माहीत नव्हतं. तिनं लिहिलं. दुरुस्ती करायची नाही ही माझीच अट. तिनं ती केली नाही, पण पेनाला टोपणही लावलं नाही. शेवटी मीच म्हटलं, ते खोड. माहीत होतं, असं लिही.

४ ऑगस्ट
हरिप्रिया साडेपाचला उठून डबे भरते. माझ्याकडं पाण्याच्या बाटल्या. झाकण बरोबर लागलं नाही तर पुस्तकं भिजतात. साधं काम नाही ते.
वसंता म्हणाली, हेही लिहू? लिही.

११ ऑगस्ट
हरिप्रियाला ताप. श्रीलाही. पडल्यापडल्या हरिप्रिया म्हणाली, आई, आज रघूचा डबा तुम्ही भराल?
तुपाची बरणी तर श्रीनं सांगितलं त्याच आठवड्यात वसंताकडं दिली होती. तरी कढई तीनदा घासली. पळी उकळत्या पाण्यात घातली. हात साबणानं धुतले, वास घेतला, परत धुतले. खोबऱ्याचा भात केला, पांढराशुभ्र, वर कढीपत्ता. कोरडाच भरला. आयुष्यात पहिल्यांदा.
व्हॅन आली तेव्हा खाली वाकून त्याला सांगितलं, तूप नाही रे घातलं, देवाशपथ. तो म्हणाला, ओके आज्जी. गालाला गाल लावला आणि गेला.
दुपारभर दारात बसले. साडेतीनला आला. डबा रिकामा, झाकणालासुद्धा शीत नाही. विचारलं, कसा होता? सूपर, आज्जी. जास्त काय आवडलं? बुटाची लेस सोडत म्हणाला, चिंचभात.
लेस सुटेना. मी खाली बसून सोडवली.
मी म्हटलं, मीठ बरोबर होतं ना रे चिंचभातात?
म्हणाला, बरोबर होतं.