जिभेचा फोटो, चहाच्या आधी

नेपरव्हिल, अमेरिका, २५ जानेवारी

ती. आसावरीआत्यास,

प्रल्हादचा साष्टांग नमस्कार (बाहेर उणे अठरा असल्यामुळे तो खुर्चीत बसून, दोन-दोन पायमोजे चढवून घालतो आहे, अंगणात घातला असता तर थेट एप्रिलात उठलो असतो). तुझा गुडघा, तुझी झोप आणि तुझी तुळस, तिघांची खुशाली कळव. इकडे हर्षिता आणि वेद मजेत. मी कसा आहे हाच या पत्राचा विषय आहे, तेव्हा चष्मा लाव आणि जरा टेकून बैस.

काका गेल्यापासून तीन वर्षं मी तुला इकडे ये म्हणतो आहे आणि तीन वर्षं तुझं एकच पालुपद: माझी प्रकृती थंड, मला तिकडची थंडी झेपायची नाही. उन्हाळ्यात ये म्हटलं, तर म्हणतेस, पुढे हिवाळा येतोच ना! (अकोल्यात, मे महिन्यात, पंखा दोनवर गेला की शाल शोधणारी बाई तू. तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.) म्हणून या दिवाळीत मी निश्चय केला, की वाद नको, तुझ्या प्रकृतीवर उताराच शोधायचा. माझ्या ऑफिसातल्या एकाने शॉमबर्गच्या लिन बाईंचं नाव सांगितलं. चिनी वैद्य आहेत, औषधी सूप देतात. पण सगळ्यांना एकच नाही, ज्याचं जसं शरीर तसं त्याचं सूप. आपले वैद्य तरी वेगळं काय सांगतात? म्हटलं, आधी आपल्यावर प्रयोग करू. माझे हातपाय तुझ्याच माहेरचे, बारा महिने गार. मला लागू पडलं की तुला पडलंच.

लिन बाई सत्तरीच्या, चणीने एवढ्याशा, पण नाडी बघायला मनगट धरलं की सोडवून घेण्याची टाप नाही. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी त्यांनी माझी जीभ पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. जीभ पिवळी! म्हणजे आत उष्णता आणि दमटपणा साचलेला. मी म्हटलं, अहो बाई, हात तरी बघा, बर्फ आहे. तर म्हणाल्या, हात फसवतात, जीभ कधी खोटं बोलत नाही. (आपल्या घराण्याचा अनुभव नेमका उलटा आहे.)

उष्णता काढायला सूप मिळालं कोहळा, मूग आणि शेवंतीच्या फुलांचं. कोहळा आपण दाराला टांगतो, शेवंती देवाला वाहतो. मी दोन्ही रोज सकाळ-संध्याकाळ प्यायलो. हर्षिता म्हणाली, निदान जिऱ्याची फोडणी तरी देऊ दे. मी देऊ दिली नाही. निश्चय म्हणजे निश्चय. तिसऱ्या दिवशी दात वाजायला लागले. ऑफिसात हातमोजे घालून पासवर्ड टाइप केला, तो तीनदा चुकला आणि माझंच खातं मला बंद झालं. तुला फोन केला, तू म्हणालीस, रोजच्या दुधातली हळद दुप्पट कर. केली. पुढच्या शनिवारी जीभ आणखी पिवळी. लिन बाईंनी सूप आणखी थंड केलं, त्यात कारलं घातलं. मी आणखी गारठलो, तू हळद तिप्पट केलीस. तिसऱ्या शनिवारी तर, दोन स्वेटर, माकडटोपी आणि वर जाकीट घातलेल्या माझ्याकडे बघून बाई म्हणाल्या, चाळीस वर्षांत इतका तापलेला माणूस पाहिला नाही.

काल चौथा शनिवार. हर्षिता सोबत आली होती. मी जीभ काढली आणि ती शेजारून म्हणाली, "प्रल्हाद, तू आत्ता पोहे खाऊन आलास ना? आणि वर आत्यांचं ते दूध?" लिन बाईंनी पोहे म्हणजे काय ते विचारलं, मग हळद म्हणजे काय ते विचारलं, मग टिश्यू पेपरने माझी जीभ पुसली. धुळवडीचा रुमाल निघावा तसा कागद निघाला. आणि खालून जी जीभ उगवली, ती पांढरीफटक. मी थंडच होतो गं! बाई इतक्या हसल्या की त्यांना स्वतःलाच पाणी प्यावं लागलं. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. तीन आठवडे मी शेवंती प्यालो होतो.

मग नवं सूप दिलं: सुंठ, दालचिनी, वाळवलेली लाल बोरं. कालपासून तीन वाट्या झाल्या. आज वेदच्या गालाला हात लावला, तर पोरगं नेहमीसारखं किंचाळलं नाही. "बाबा, युवर हँड्स आर नॉर्मल!" म्हणालं. तात्पर्य, उतारा सापडला आहे आणि तुझी सबब आजपासून बाद आहे.

तुझा (हल्ली कोमट),
प्रल्हाद

ता. क. हळदीबद्दल मी तुला अजिबात दोष देत नाही. हर्षिता देते.

ता. क. २. तुझं सूप ठरवायला लिन बाईंनी तुझी माहिती विचारली. झोप, तहान, पोट, सगळं बिनचूक सांगितलं (पोटाचं जरा सविस्तर). शेवटी त्यांनी विचारलं, आत्या जेवतात कोणाबरोबर? मी खिशात उगाच हातमोजे शोधत बसलो. तू टीव्हीसमोर ताट घेऊन बसतेस हे मला ठाऊक आहे आत्या, आणि ते मला सहन होत नाही. बाई म्हणाल्या, हे सूप एकट्यापुरतं होतच नाही, निदान चौघांचं तरी टाकावं लागतं. आम्ही तिघंच आहोत.

ता. क. ३. जिभेचा फोटो पाठव. सकाळी, चहाच्या आधी. फोटो आला तर तो होकार समजून तिकीट काढीन. नाही आला, तरी काढीन.