दर रविवारी नवी आई

४ जून
आलो एकदाचे! सामान म्हणजे दोन बॅगा, शिलाई मशीन आणि साडेचार वर्षांची ठमी. बसमध्ये तिच्या तोंडाचा पट्टा क्षणभर थांबला नाही. वस्तीत सात घरं आणि एकच स्वयंपाकघर, फाटकाला कुलूप नाही. हे गेल्यापासून सात महिने मी भिंतींशी बोलत होते. आज जेवायला चाळीस माणसं सोबत होती. ही वस्ती उभी करणाऱ्या मास्तरीणबाईंनी मला शिवणाची खोली दिली. उजेड डावीकडून येतो, अगदी मला हवा तसा. रडूच आलं.

७ जून
इथला मोठा नियम आज कळला. कशालाच 'माझं' असं कुणी म्हणत नाही, मुलींनासुद्धा. चार ते सात वर्षांच्या मुली, ठमी धरून अकरा, दर रविवारी घर बदलतात आणि ज्या घरी असतील तिथल्या बाईला आई म्हणतात. माझ्या कपाळावरच्या आठ्या बघून मास्तरीणबाईंनी समजावलं. अकरातल्या दोघींना आई नाही. प्रत्येक घरात आई असली की कुणीच पोरकं नाही. शिवाय उद्या मलाच काही झालं तर ठमीचं कोण? संध्याकाळच्या सभेत ठमीलाही यात घ्यायचं ठरलं, सगळ्यांचे हात वर गेले, माझाही गेला. जबरदस्ती कुणी केली नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते.

१५ जून
काल ठमी सुताराच्या घरी गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही सटवीने! माझ्याकडे त्या पोरक्या दोघींपैकी एक आली आहे. वेणी घालताना ती इतकी शहाण्यासारखी बसली की तिला जवळच घेतलं. मास्तरीणबाईंचं काही चुकत नाही.
अकराजणींना एकाच ताग्यातून फ्रॉक शिवतेय. मापं घेतली, तर सगळ्यांची छाती, उंची, बाही तंतोतंत सारखी. लहान-मोठ्या मुलींची मापं एक कशी? टेप खराब असेल म्हणून दुसरी आणली. तेच आकडे.

२३ जून
खेळताना ठमी पडली, गुडघा फुटला. हातातली कात्री टाकून धावले. अंगणात अकराही रडत होत्या, एकाच सुरात. एकदमच थांबल्या. दुपारी त्यांचे पाय धुताना पाहिलं. अकराही जणींचे गुडघे फुटलेले. मास्तरीणबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, एकमेकींवर माया आहे हो पोरींची.

२ जुलै
ठमी म्हणून हाक मारली. अकरा माना वळल्या.
त्यातली जी ठमी वाटली तिला कडेवर घेतलं, बाबा आठवतात का विचारलं. तिने मला विचारलं, कुठले बाबा. ती विसरली, की ती ठमी नव्हतीच — देवा —

५ जुलै
सभेत सांगितलं, आम्ही जातो. वाटलं, भांडण होईल. कुणी अडवलं नाही. मास्तरीणबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, इथे कुणाला बांधून ठेवत नाही. उद्या तुमची मुलगी घेऊन जा.

६ जुलै, सकाळी
अंगणात अकरा ओळीने. फ्रॉक तेच, केस तेच. नाक — भुवया — हसणंसुद्धा. मी ठमीला नऊ महिने पोटात वाढवलं, मला कळायलाच हवं. नाही कळलं. अकराही म्हणाल्या, आई. एकीचा हात धरला. ओळखीचा वाटला. वाटला —

बसथांब्यावर
पोर शेजारी बसली आहे. मघाशी तिने विचारलं, या आठवड्यात तुमच्याकडे का, आणि पुढच्या रविवारी कुठे.
समोर फाटक. दहाजणींतल्या नऊ खेळायला गेल्या. एक तिथेच उभी. रडत नाही, नुसती बघते आहे माझ्याकडे.
परत जाऊ? पण ही त्या पोरक्या दोघींतली असेल तर हिला पुन्हा तिथे टाकून — आणि ती माझी असेल —
बस आली. हिने माझं बोट घट्ट धरलं आहे. तिकडे तीसुद्धा हात —