क्लिओथा मेब्रीने मान हलवली तर

मी, ऑर्विल ग्रँडबेरी, वय एकोणऐंशी, धंदा पियानोवादन, राहणार सेंट लुइस, हे कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या इच्छेने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डावा हात नाही. मृत्युपत्राला उजवा पुरतो. डॉक्टर म्हणतात नाताळ दिसेल. त्यापलीकडचे बोलत नाहीत. याआधीच्या मृत्युपत्रात मी माझे घर क्लिओथा मेब्री याला बिनशर्त दिले होते. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

१. मला राखाडी सुटात पुरावे. हात छातीवर ठेवायची पद्धत आहे. उजवा वर ठेवावा.

२. बँकेत जे उरेल ते आणि बैठकीतला पियानो व्हर्डेलला, माझ्या बहिणीच्या मुलीला द्यावा. चार महिने ती मला रांधून घालते आहे. तिच्या हाताला चव नाही, हेही येथे नोंदवतो. तिला पियानो वाजवता येत नाही. म्हणूनच तिला दिला.

३. माझी दुसरी बायको ओडेसा हयात असल्यास तिला आमच्या लग्नाचा फोटो पाठवावा. त्यात ती क्लिओथाकडे पाहते आहे.

४. आता क्लिओथा. तो गिटार वाजवतो आणि गातो. तीस वर्षे आम्ही एकाच रस्त्यावर समोरासमोरच्या दारूच्या दुकानांत वाजवून एकमेकांची गिऱ्हाइके पळवली. ब्लूज गाण्याचे एक कडवे तालाच्या बारा आवर्तनांचे असते. क्लिओथाचे कधी अकराचे होई, कधी साडेतेराचे. शब्द संपले की तो सूर बदलायचा, मागे कोण पडले ते पाहायचा नाही. मी त्याला खेडवळ म्हणे. तो मला प्रोफेसर म्हणे. शिवी त्याचीच मोठी होती.

सत्त्याऐंशी साली एका दुकानवाल्याने आम्हाला समोर बसवले. "वेगळे बोलावले तर अर्धा हॉल रिकामा राहतो," तो म्हणाला. "दोघं मिळून वाजवा आणि भांडा. लोक भांडण बघायला येतील." लोक आले. अकरा वर्षे येत राहिले.

जोडी जमून तीन वर्षे झाली तेव्हाची गोष्ट. क्लिओथा माझ्या स्वयंपाकघरात पाठमोरा बसून तळलेला मासा खात होता. मी हाक मारली. वळला नाही. मी म्हणालो, "आग लागली." पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा ओरडलो. तो काटे काढत राहिला. मग मीठ घ्यायला वळला आणि माझा चेहरा पाहिला.

"कधीपासून?" मी ओठ नीट हलवत विचारले.

"वर्ष झालं. कोणाला सांगशील?"

"नाही."

"शपथ घे."

"मासा खा, मेब्री."

त्यानंतर त्याची गिटार मी जुळवू लागलो. लोकांना वाटे म्हातारे एकमेकांचे लाड करतात. डाव्या बुटाच्या टाचेला मी पत्रा मारून घेतला. टाच आपटली की मंचाची फळी हादरे आणि ताल त्याच्या तळपायाला कळे. सूर बदलायच्या आधी मी टाच उचलून धरायचो. जो माणूस जन्मात कोणासाठी थांबला नाही, तो आठ वर्षे माझ्या डाव्या पायाकडे पाहून वाजवत होता. ऐकू न आलेल्या बोलण्यावर तो हसून होकारार्थी मान हलवायचा. कोणाला कळले नाही. मी शपथ घेतली नव्हती, पण पाळली.

यंदा वसंतात माझी डावी करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट उशिरा पडू लागले. बूगी या ठेक्याच्या पियानोवादनात उजवा हात बोलतो आणि डावा ताल धरून चालतो. डॉक्टरला कळायच्या आधी ते क्लिओथाला कळले. त्याची नजर माझ्या डाव्या बाजूलाच असे. ती तिथे मीच बसवली होती.

चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मेजवानीला बागेत तीनशे माणसे होती. पहिले गाणे संपल्यावर त्याने माईक ओढून घेतला.

"लोकहो, प्रोफेसरचा डावा हात मेलाय! दोन महिने मीच याला ओढतोय! जरा टाळ्या वाजवा याच्यासाठी, याला स्वतःला आता वाजवता यायच्या नाहीत!"

लोक पोट धरून हसले. मीही हसलो. क्लिओथाला हसणे ऐकू येत नव्हते. तो दात पाहत होता.

घरी आल्यावर म्हणाला, "चिडलास काय रे? आपलं भांडण लोकांना आवडतं."

माईक माझ्याही हाताशी होता. मी टाच आपटून पुढचे गाणे सुरू करून दिले होते. ते आमचे शेवटचे गाणे. आठवड्याने डाव्या हाताची उरलेली बोटेही गेली.

५. घर. क्लिओथा सात वर्षे वरच्या मागच्या खोलीत राहतो. त्याला दुसरे छप्पर नाही. तरी पुढीलप्रमाणे करावे.

मला पुरल्यावर चर्चच्या तळघरात जेवण असते. गावातले सगळे वाजवणारे येतात. तिथे वकील हॅस्केल टिब्ज यांनी हे मृत्युपत्र मोठ्याने वाचावे. क्लिओथाला पहिल्या रांगेत बसवावे, म्हणजे मागचे चेहरे त्याला दिसणार नाहीत. तो ओठ वाचतो. म्हणून कलम चार आणि पाच वाचताना टिब्ज यांनी त्याच्याकडे पाठ करावी. वाचून झाल्यावर वळावे, त्याच्या समोर उभे राहावे आणि सावकाश विचारावे, "क्लिओथा, ऑर्विलने काय लिहिलंय ते ऐकलंस ना?"

"नाही. मला ऐकू येत नाही," असे तो सर्वांसमोर म्हणाला तर घर त्याचे. मरेपर्यंत, बिनशर्त.

त्याने होकारार्थी मान हलवली, हसला किंवा हो म्हणाला, तर घर व्हर्डेलचे आणि महिनाअखेर त्याने खोली सोडावी. व्हर्डेलला तो आवडत नाही. कोणी त्याला खूण केली, तरी मान हलवल्यासारखेच धरावे.

६. डावा बूट क्लिओथाला द्यावा. घर मिळो वा न मिळो.

हे लिहीत असताना तो वर गिटार वाजवतो आहे. जुलैपासून ती कोणी जुळवलेली नाही. त्याला ते माहीत नाही. मी व्हर्डेलला दार लावायला सांगितले.

टिब्ज यांनी मसुदा वाचून विचारले, "तो मान हलवणार, हे तुम्हाला माहीत आहे?"

"आठ वर्षे तीच मान पाहतोय."

"निदान नंतर मी त्याला हा कागद दाखवू?"

मी म्हणालो, "दाखवा. मान हलवून झाल्यावर."

वरील मजकूर माझा आहे. सही उजव्या हाताने केली आहे.

ऑर्विल ग्रँडबेरी

साक्षीदार, ज्यांनी सही पाहिली, मजकूर नाही:
इर्मा रॅग्ज्डेल, शेजारीण
लॉयड सटल, पियानो जुळवणारे

सेंट लुइस, मिसुरी
९ नोव्हेंबर १९९८