दोन्ही राहतील म्हणाला

मंगळवार, दिवेलागण, लालबाग

सुधीरने परवा कॉम्प्युटरवर नवीन विंडोज टाकली. आधीच बजावलं होतं, जुनी काढू नको, माझा लेबलांचा प्रिंटर तिच्यावरच चालतो. "आई, दोन्ही राहतील गं. चालू करताना हवी ती निवड." पोटचा पोरगा, मी विश्वास ठेवला.

आज मसाल्याच्या पाकिटांची लेबलं काढायला बसले, तर जुनी कुठेच नाही आणि प्रिंटर मुका. विचारलं तर म्हणतो, "जागा पुरली नाही." मग दोन्ही राहतील कशाला म्हणालास रे? तर मोबाईलमध्ये डोकं घालून बसला.

सुनेला राहवलं नाही. "अहो, खरं सांगा ना त्यांना. लेबलं बंद झाली की आई मसाले करायचं सोडेल, असं तुम्हीच म्हणालात."

म्हणजे ठरवून पुसली! मिरचीच्या खाटाने ह्याला ठसका लागतो, ऑफिसच्या शर्टाला वास येतो. तोंडावर सांगायला काय झालं होतं मेल्याला? भांडले असते मी, दुसरं काय? दोन्ही राहतील म्हणे.

लेबलं हाताने लिहीन. गिऱ्हाईक मसाला खातं, कागद नाही. सुधीरच्या डब्यातल्या भाजीला मात्र उद्यापासून विकतची पूड.