गुलाबी फेस

टोरोंटो, शनिवार, १४ नोव्हेंबर २००९

सुधीरला हार्ट अटॅक येऊन आज चार दिवस झाले. डॉक्टरबाईंनी सिगरेट, शुगर सगळं विचारलं आणि शेवटी, "हिरड्यांतून रक्त येतं का?" मी मान हलवली. दोन वर्षं बेसिनमधला तो गुलाबी फेस मीच तर धुतेय! दाताचं काहीही निघालं की आमचं ठरलेलं, इथं फार महाग पडतं, पुण्याला गेलो की आपल्या डेंटिस्टला दाखवू. आणि दोन वर्षांत जाणंच झालं नाही.

त्या म्हणाल्या, हिरड्यांतल्या जंतूंशी शरीर सतत लढत राहतं, त्या लढाईची झळ रक्तवाहिन्यांनाही लागू शकते. त्यामुळेच अटॅक आला असं मात्र सांगता येत नाही. माझ्या समाधानासाठी म्हणाल्या का? मला कसलं समाधान!

संध्याकाळी त्याचा ब्रश घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. बेडवर बसूनच त्यानं दात घासले, भांड्यात थुंकला. तोच गुलाबी फेस. माझा चेहरा बघून म्हणाला, "अगं, काही नाही. पुण्याला गेलो की बघू."

मी सवयीनं "हो" म्हटलं आणि भांडं धुऊन ठेवलं.